महापालिकेच्या उद्यानाची देखभाल कशी लावायची: पाण्याच्या हिशेबापासून बिलाच्या सहीपर्यंत

एक एकराचं उद्यान. दोन वर्षांपूर्वी लॉन लावलं, झोपाळे बसवले, फीत कापली. आज लॉनवर पिवळे पट्टे पडलेत, घसरगुंडीच्या तळाशी फायबर फाटलंय, आणि मुख्य दाराशी नव्या कारंज्याचं खोदकाम चालू आहे. असं उद्यान महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत पाहायला मिळतं, आणि त्यामागचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कामं उलट्या क्रमानं झाली. आधी वस्तू आल्या, मग माणसं, मग पाण्याची शोधाशोध, आणि देखभालीचा करार सगळ्यात शेवटी, तोही मागच्या कराराची नक्कल करून.

हा लेख उद्यान विभागातले पर्यवेक्षक, क्षेत्रीय कार्यालयातले कनिष्ठ अभियंते आणि आपल्या भागातल्या उद्यानासाठी पाठपुरावा करणारे रहिवासी यांच्यासाठी आहे. उदाहरणाला एक एकराचं, म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटरचं उद्यान धरलंय. त्यात १,२०० चौ.मी. लॉन, ६०० चौ.मी. झुडपांचे वाफे आणि मेंदीचं कुंपण, १,००० चौ.मी. पायवाटा, ३०० चौ.मी. खेळण्यांची जागा आणि उरलेले ९०० चौ.मी. म्हणजे झाडांखालची जमीन, टाकी, प्रसाधनगृह. आपल्या उद्यानाचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

टप्पा १: कागद हातात घ्या

जागा कुणाची, हे आधी पाहा. विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित असलेली जागा ताब्यात आलेली असेलच असं नाही. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, ताबा पावती आणि मोजणी नकाशा, हे तीन कागद एकत्र ठेवा. लेआउटमधल्या मोकळ्या जागेचा प्रश्न आणखी वेगळा असतो. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या जागेच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, पण ती आपोआप महापालिकेची होत नाही. तिथं महापालिकेचा पैसा घालण्याआधी लेखी करार हवा. नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि पुढची तीन-चार वर्षं त्या जागेवर कोणी रुपया घालायला धजावत नाही.

आरक्षण आहे पण ताबा नाही, अशा जागेसाठी आणखी एक तारीख पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली की जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. अशी नोटीस आली आहे का, हे नगररचना विभागात विचारा.

जुन्या कामांचे कार्यारंभ आदेशही काढून घ्या. त्यात दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. तो संपला नसेल, तर तुटलेल्या झोपाळ्याची दुरुस्ती मूळ ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते.

> सावधान: सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथं. दोषदायित्वात असलेली दुरुस्ती देखभालीच्या नव्या निविदेत पुन्हा धरली जाते आणि एकाच कामाचे पैसे दोनदा जातात.

रहिवाशांना हे कागद सहज मिळत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा लागतो. बरेच अर्ज याच कारणानं परत येतात. प्रती मागण्याऐवजी आधी कागदपत्रांची पाहणी मागा. फाईल समोर आली की नेमका कोणता कागद हवा ते कळतं.

टप्पा २: टेप घेऊन मोजा

अंदाजपत्रकात "उद्यानाची संपूर्ण देखभाल: १ काम" असं लिहिलेलं असेल, तर त्या कराराखाली काहीही न करता बिल काढता येतं. म्हणून दोन माणसं, ३० मीटरची टेप आणि एक वही घेऊन अर्धा दिवस द्या. लॉन, वाफे, कुंपणाची लांबी, पायवाटा, बाकं, दिवे, नळ, तोट्या, खेळणी, कचरापेट्या, सगळं मोजा. प्रत्येक खेळण्याला आणि दिव्याच्या खांबाला रंगानं क्रमांक घाला. "खेळणं क्र. ७, डावी साखळी" अशी तक्रार दोन मिनिटांत समजते. "झोपाळा खराब आहे" ही तक्रार आठवडाभर फिरत राहते.

झाडांची यादी वेगळी करा: जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, पोकळी किंवा वाळवी आहे का, कलंडलंय का. ही यादी पुढं छाटणीच्या परवानगीसाठी लागते.

टप्पा ३: पाण्याचा हिशेब

इथं घाई करू नका. बाकी सगळं बरोबर असूनही या एका टप्प्यामुळं उद्यानं वाळतात.

एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. एप्रिल-मे महिन्यात पठारावरच्या शहरांत लॉनला दिवसाला साधारण ५ मिमी पाणी लागतं. आता मांडून पाहा:

- लॉन: १,२०० × ५ = ६,००० लिटर
- झुडपं, कुंपण: ६०० × ४ = २,४०० लिटर
- तीन वर्षांच्या आतली ४० झाडं, आठवड्यातून दोनदा २० लिटर: दिवसाला सरासरी २३० लिटर
- प्रसाधनगृह, धुणं-पुसणं: १,००० लिटर

एकूण ९,६३० लिटर. गळती आणि उडून जाणारं पाणी धरून ११,००० लिटर रोज. थंडीत याच्या निम्म्यात भागतं, चांगल्या पावसात जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणून वर्षाची सरासरी काढून नियोजन करू नका, मे महिन्याच्या आकड्यावर करा.

मग पाणी कुठून येणार ते तपासा. बोअर असेल तर २०० लिटरचा पिंप ठेवा, घड्याळ लावा. अडीच मिनिटांत भरला तर मिनिटाला ८० लिटर, म्हणजे ११,००० लिटरला सुमारे २ तास २० मिनिटं. ही चाचणी ऑक्टोबरात घेऊन उपयोग नाही, मे महिन्यात घ्या. त्या दिवशी पंप अर्ध्या तासात हवा ओढायला लागला तर कागदावरची क्षमता विसरा. टँकरवर अवलंबून असाल, तर १०,००० लिटरचा रोज एक याप्रमाणे एप्रिल-मे मिळून साठच्या वर खेपा होतात. त्यांची तरतूद आहे का? नसेल तर आत्ताच लॉन कमी करा. सावलीतलं लॉन तसंही विरळ होतं. तिथं सावली सोसणारी जमिनीलगतची झुडपं लावून पालापाचोळ्याचं आच्छादन द्या.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी वापरणं योग्यच आहे, पण तीन अटींवर. पहिली, क्षारांची तपासणी. विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती याचं माप, ०.७ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असेल तर चिंता नाही, ०.७ ते ३ च्या दरम्यान निचरा चांगला हवा आणि रोपं निवडून लावावी लागतात, ३ च्या वर गेलं तर ते पाणी टाळा. दुसरी, त्याची पाइपलाइन पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळी आणि वेगळ्या रंगाची, प्रत्येक तोटीवर "पिण्यायोग्य नाही" अशी पाटी. तिसरी, हे पाणी फवाऱ्यानं उडवायचं तर दार बंद असताना, आणि खेळण्यांच्या जागेत कधीच नाही.

*फवारे तपासायची सोपी रीत*

सरळ बाजूंचे, एकाच मापाचे नऊ डबे लॉनवर तीन-तीनच्या ओळीत ठेवा. फवारा १५ मिनिटं चालवा. प्रत्येक डब्यात पट्टी उभी धरून मिलिमीटर मोजा. सरासरी ४ मिमी आली तर १० मिमी द्यायला ३७-३८ मिनिटं लागतील. पण सरासरीपेक्षा फरक महत्त्वाचा. एका डब्यात २ आणि दुसऱ्यात ७ आले, तर पाणी वाढवून पिवळे पट्टे जाणार नाहीत. एक तर तोंडात कचरा अडकलाय, किंवा दाब कमी आहे, किंवा दोन फवाऱ्यांतलं अंतर जास्त आहे. माळी बिचारा वेळ वाढवत राहतो, ओल्या जागी चिखल होतो आणि कोरडी जागा कोरडीच राहते.

लॉनला रोज थोडं थोडं पाणी देऊ नका. एक दिवसाआड १० मिमी द्या. मुळं खाली उतरतात आणि एखादा दिवस चुकला तरी गवत तग धरतं. पाणी वाहून जायला लागलं तर तेवढंच पाणी तासाच्या अंतरानं दोन वेळा द्या. खात्री करायची तर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसा. १०-१२ सेंटीमीटरपर्यंत सहज गेला तर ओल पुरेशी आहे. वेळ पहाटेची, दार उघडण्याआधीची. ते जमत नसेल तर सकाळचे फिरणारे गेल्यावर लगेच. भर दुपारी पाणी उडून जातं, आणि संध्याकाळी दिलं तर लॉन रात्रभर ओलं राहून बुरशी धरतं, शिवाय बसायला येणाऱ्यांची गैरसोय होते.

टप्पा ४: माती उकरून बघा

नव्या उद्यानांत राडारोडा पसरून त्यावर टोपलीभर लाल माती ओढलेली असते. पहिल्या वर्षी काही कळत नाही. तीन-चार ठिकाणी ६० सेंटीमीटर खोल खड्डा घ्या. विटांचे तुकडे आणि सिमेंट लागलं तर तिथं लॉन टिकणार नाही. लॉनखाली किमान २० ते ३० सेंटीमीटर, झुडपांखाली ४५ ते ६० सेंटीमीटर चांगली माती हवी. झाडासाठी १ मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत.

तोच खड्डा पाण्यानं भरा. २४ तासांनीही पाणी उभं असेल तर निचरा नाही. काळ्या मातीत हे हमखास होतं. अशा ठिकाणी उंच वाफे करा किंवा खालून चर काढा.

> तपासा: फरशी आणि काँक्रीट झाडाच्या बुंध्याला भिडलंय का? बुंध्याभोवती सगळ्या बाजूंनी किमान १ मीटर जमीन उघडी ठेवा. झाडाभोवती बसायचा पार बांधून खोडाशी माती चढवणं ही फार मोठी चूक आहे. मुळांना हवा मिळत नाही, साल सडते, आणि चार-पाच वर्षांनी झाड पावसात आडवं होतं.

टप्पा ५: काम तासांत मांडा

"एकरी एक माळी" असला ठोकताळा वापरू नका. प्रत्येक काम एकदा घड्याळ लावून करून पाहा आणि आठवड्याचे तास लिहा. आपल्या उदाहरणात साधारण असं येईल: झाडलोट १७.५, पाणी देणं २१, गवत कापणी ३, खुरपणी १२, कुंपण छाटणी ६, खेळण्यांची तपासणी २, प्रसाधनगृहाची सफाई दिवसातून दोनदा मिळून १४, पालापाचोळा आणि खत ४. बेरीज ७९.५ तास. एका माणसाचे कामाचे तास आठवड्याला ४८ असले तरी जेवण, अवजारं आणणं-ठेवणं, पाण्याची वाट पाहणं वजा जाता हाती ४० पडतात. म्हणजे दोन माणसं.

इथं हमखास एक चूक होते: साप्ताहिक सुट्टीचा बदली धरला जात नाही. उद्यान सात दिवस चालतं, माणूस सहा दिवस. दोन जागा भरलेल्या ठेवायच्या तर २.३३ माणसांचा खर्च धरावा लागतो. तो धरला नाही की सुट्टी रविवारी पडते, आणि रविवारी संध्याकाळीच सगळ्यात जास्त मुलं येतात. पेट्या ओसंडतात, प्रसाधनगृहाला कुलूप लागतं. दोष माळ्याचा नसतो, अंदाजपत्रकाचा असतो. सुरक्षारक्षकांच्या पाळ्यांचा हिशेब वेगळा करा, त्यांच्याकडून झाडलोटीची अपेक्षा ठेवू नका.

टप्पा ६: निविदा

कामं वारंवारतेसकट लिहा. "लॉनची निगा राखणे" यातून काही मोजता येत नाही. "१,२०० चौ.मी. लॉन दर १० दिवसांनी, पावसाळ्यात दर ७ दिवसांनी कापणे, कापल्यानंतर उंची ३ ते ५ सेंमी, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापणे, कापलेलं गवत त्याच दिवशी खतखड्ड्यात टाकणे" हे मोजता येतं.

कमी दराच्या निविदेचा हिशेब कागदावर करून पाहा. अंदाजपत्रक १०० रुपयांचं असेल तर देखभालीच्या कामात त्यातले ८० च्या आसपास मजुरीचे असतात: किमान वेतन, भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा १२ टक्के वाटा, कर्मचारी राज्य विमा योजनेचा ३.२५ टक्के वाटा. आता कुणी २५ टक्के कमी दरानं काम घेतलं तर हाती ७५ रुपये येतात. त्यातून ८० रुपयांची मजुरी निघू शकत नाही. म्हणजे एक तर माणसं कमी येणार किंवा वेतन कमी दिलं जाणार. दर उघडल्यावर दरपृथक्करण, म्हणजे दरात मजुरी, साहित्य किती याची फोड, मागा, आणि मजुरीचा आकडा किमान वेतनाखाली जात असेल तर ते लेखी नोंदवून वर पाठवा.

आणि कराराची तारीख. आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला करार संपवायची पद्धत आहे. नवी निविदा, मान्यता, मध्येच निवडणुकीची आचारसंहिता, असं करत काम जून-जुलैपर्यंत रखडतं. उद्यान मात्र एप्रिल-मे अनाथ. वर्षातले सगळ्यात कठीण साठ दिवस नेमके तेच! लावलेली रोपं मरतात ती याच काळात. करार ३० सप्टेंबरला किंवा ३१ ऑक्टोबरला संपेल असा लावा आणि नव्या निविदेची फाईल त्याच्या चार महिने आधी हलवा. दोन आर्थिक वर्षांतली तरतूद दाखवणं लेखा विभागाला थोडं जड जातं, पण ते होतं. ही एक गोष्ट बदलली तर बाकीच्या अर्ध्या अडचणी येतच नाहीत.

टप्पा ७: खेळणी

रोज नजरेनं, महिन्यातून एकदा हात लावून, वर्षातून एकदा पाना घेऊन, अशी तीन प्रकारची तपासणी. रोज पाहायचं ते इतकंच: काच, खिळे, कुत्र्याची घाण, तुटलेलं काही.

महिन्याच्या तपासणीत पुढचं पाहा.

*झोपाळा.* साखळीची सगळ्यात वरची कडी काढून बघा. खालून साखळी चकचकीत आणि धडधाकट दिसते, पण वर, जिथं कडी कडीत बसते, तिथं रोजच्या घासण्यानं आतल्या बाजूला खाच पडते. शिडी लावून वर चढल्याशिवाय ती दिसत नाही. कॅलिपरनं मापा. ८ मिमीची कडी ६ मिमीवर आली असेल तर बदला. बोटात बोट अडकवल्यासारख्या दोन कड्यांमध्ये तांबूस भुकटी दिसली, तर झीज चालू आहे. बैठक जमिनीपासून किमान ३५ सेंमी वर हवी. एका चौकटीत दोनच झोपाळे. तिसरा टांगला की मधल्या झोपाळ्यावर चढणारं मूल दोन्ही बाजूंनी मार खातं. लाकडी किंवा लोखंडी फळी चालणार नाही, रबरी बैठकच घ्या.

*घसरगुंडी.* फायबरच्या कडेवरून कापड फिरवा. कापडाचे धागे अडकले तर तिथं काचतंतू उघडे पडलेत. मुलांच्या मांड्यांना येणारी खाज आणि बारीक चिरा यातूनच येतात. एप्रिलमध्ये दुपारी चारला तळहात १० सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर ती जागा सावलीत न्या किंवा घसरण उत्तरेकडे वळवा. पत्र्याच्या घसरगुंडीला हे फारच लागू आहे.

*फटी.* पायऱ्या, कठडे, जंगल जिम यांतल्या सगळ्या बंदिस्त फटी मोजा. ८९ मिमीपेक्षा मोठी आणि २३० मिमीपेक्षा लहान फट धोक्याची. लहान मुलाचं धड त्यातून जातं आणि डोकं अडकतं. लाकडाचे या मापांचे दोन ठोकळे करून खिशात ठेवले तर टेपची गरज पडत नाही.

*पडायची जागा.* प्रत्येक खेळण्याभोवती किमान १.५ मीटर मोकळी, मऊ जमीन. झोपाळ्याच्या पुढं-मागं याहून बरीच जास्त. वाळू असेल तर जाडी ३० सेंमी. ती झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी सगळ्यात आधी विरते, म्हणून आठवड्याला दाताळ्यानं परत ओढा. पायाचं काँक्रीट उघडं पडलं असेल तर ते खेळणं त्याच दिवशी बंद करा. पायाचा माथा वाळूच्या पातळीखाली ४० सेंमी असायला हवा. रबरी फरशी असेल तर टाचेनं ठोका, पोकळ आवाज आला की खालचा चिकटवा सुटलाय.

> सावधान: बंद केलेल्या खेळण्याला नुसती प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळू नका. झोपाळ्याची साखळी काढून घ्या, घसरगुंडीची शिडी फळीनं अडवा. मुलं पट्टीखालून जातातच.

खुल्या व्यायामशाळेची यंत्रं मुलांसाठी नसतात. ती १४० सेंमीहून उंच माणसांच्या मापाची असतात आणि त्यांच्या सांध्यांत लहान बोटं सापडतात. खेळण्यांच्या शेजारी ती बसवू नका. कुरकुर वाजायला लागलेलं यंत्र बेअरिंग कोरडं पडल्याचं सांगतं. तेव्हाच ग्रीस भरलं तर ते वाचतं, नाहीतर अख्खा सांधा बदलावा लागतो.

टप्पा ८: पावसाळ्याआधीचे सहा आठवडे

गुलमोहर, पीतमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांच्या फांद्या पहिल्या वळवातच तुटतात. छाटणीसाठी १९७५ च्या झाडांचं संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज मार्चमध्येच द्या. छाटण्याआधी घरटी पाहा आणि भरलेलं घरटं असलेली फांदी राहू द्या. मोठी फांदी तीन कापांत काढा: खोडापासून ३० सेंमीवर खालून एक तृतीयांश, मग थोडं पुढं वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट फांदीच्या फुगीर गळ्याशी. एकाच कापात काढली तर साल खोडापर्यंत सोलत जाते. एका वर्षात चौथाईपेक्षा जास्त पालवी काढू नका. माथा छाटून टाकलेल्या झाडाला पुढं कमकुवत फुटवे येतात आणि तेच गाड्यांवर कोसळतात.

विजेकडं जिवाच्या काळजीनं पाहा. मे महिन्यात प्रत्येक खांबाची अर्थिंग आणि केबलचं इन्सुलेशन परवानाधारक माणसाकडून तपासून घ्या. जोड जमिनीत गाडलेले नकोत, किमान ३० सेंमी वर बंद पेटीत हवेत. पेटीचं दार कुलपात. मुख्य फलकावर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा) बसवा आणि त्याचं चाचणी बटण दर महिन्याला दाबा. दाबल्यावर वीज गेली नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत दिवे बंद ठेवा. अंधार परवडतो.

जमिनीतल्या टाकीचं आणि चेंबरचं प्रत्येक झाकण लोखंडी, बिजागरीचं आणि कुलूपबंद हवं. वर ठेवलेली फरशी किंवा प्लायवूड म्हणजे झाकण नव्हे. याची तपासणी पावसाळ्यापुरती नाही, रोजची आहे.

नाल्या मेअखेर उपसा. नवी लागवड जूनचा पहिला चांगला पाऊस मुरल्यावर, ऑगस्टअखेरपर्यंत.

टप्पा ९: पालापाचोळा

जाळायचा नाही, घनकचरा नियमांप्रमाणे ते बंद आहे. एक मीटर उंचीच्या जाळीच्या दोन पेट्या करा, एक भरायची आणि एक कुजायची. सुक्या पानांचे तीन थर झाले की कापलेल्या ओल्या गवताचा एक थर, वर थोडी माती. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा, पंधरवड्यानं वरखाली करा. नुसतं ओलं गवत रचलं की वास सुटतो, आणि मग शेजारच्या इमारतीतल्या तक्रारीवरून खतखड्डाच बंद करावा लागतो.

टप्पा १०: बिलावर सही करण्याआधी

हजेरीपट पाहून बिल काढलं तर पैसे माणसं आल्याचे दिले जातात, काम झाल्याचे नव्हे. सहीआधी या गोष्टी मागा:

१. ठरलेल्या आठ जागांवरून, दर महिन्याच्या त्याच आठवड्यात काढलेले फोटो. जागा पायवाटेवर रंगाच्या ठिपक्यानं पक्क्या करा. नाहीतर हिरवा कोपराच फोटोत येतो.
२. मोजमाप पुस्तकात कामनिहाय नोंद: किती चौ.मी. कापलं, कुठल्या तारखांना.
३. खेळण्यांच्या तपासणीचा सही केलेला तक्ता, क्रमांकासकट.
४. मागच्या महिन्याच्या भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विम्याच्या भरण्याच्या पावत्या, कामगारांच्या नावांसह. एकूण रकमेची पावती पुरेशी नाही, ती दुसऱ्याच कामावरच्या माणसांची असू शकते.
५. टँकरच्या खेपांची नोंद, वेळ आणि रक्षकाच्या सहीसह.

महिन्यातून दोनदा, न सांगता, त्यातही एकदा रविवारी संध्याकाळी चक्कर मारा. कपात किती करायची हे करारातच कामवार लिहिलेलं असेल तर वाद होत नाही. आणि काम चांगलं असेल तर बिल अडवून ठेवू नका. तीन महिने पैसे थकले की ठेकेदार सगळ्यात आधी माळ्याचा पगार थांबवतो, आणि अनुभवी माळी निघून गेला की तो परत मिळत नाही.

रहिवाशांनी पाचही कागदांची प्रत दाराशी फलकावर लावायची मागणी करावी. नवं खेळणं, नवी बाकं यांची मागणी हे तक्ते सलग तीन महिने नीट भरले गेल्यावर करा. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची सोय आहे. तिथं असा अर्ज करताना जागेचा फोटो आणि मोजमाप द्या, आणि ती वस्तू सांभाळायला आठवड्याला किती तास आणि किती लिटर पाणी लागेल, तो आकडाही त्याच कागदावर लिहा.